गुन्हेशोध मालिकेचा एक भाग आणि प्रेक्षकांचा कौल

गुन्हेशोध मालिकेच्या एखाद्या भागावर प्रेक्षक जी मते देतात, ती बहुधा पाच मुद्द्यांभोवती फिरतात: कथेचा वेग, दाखवलेले धागेदोरे, तपास करणारी व्यक्ती, पोलिसी कामाचा खरेपणा आणि शेवटचा उलगडा. मालिका मराठी असो, हिंदी असो की डॅनिश, हे पाच मुद्दे सुटत नाहीत. बदलते ते त्यांचे वजन. डेन्मार्क-स्वीडनच्या मालिकेबद्दल बोलताना प्रेक्षक वातावरण आणि पात्रांपासून सुरुवात करतो. मराठी दैनंदिन मालिकेबद्दल बोलताना 'किती ताणलंय' इथून. हा अभिरुचीतला फरक आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा मालिका कशी बनते, किती वाजता लागते आणि घरात ती कशी पाहिली जाते, यातून येतो.

वाचकाचा प्रेक्षक होताना

मराठी माणसाला गुन्हेशोधाची गोडी छोट्या पडद्याने लावली नाही. ते काम बाबूराव अर्नाळकरांनी आधीच केले होते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू या नायकांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. पुस्तक स्वस्त, आटोपशीर आणि एका बैठकीत संपणारे. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, अमर विश्वास आणि दारा बुलंद आले. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आणला. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवल्यापासून कापडाचे गाव म्हणून वाढलेल्या इचलकरंजीतही आपटे वाचन मंदिरासारखे जुने ग्रंथालय आहे आणि अशा गावांतल्या वाचनालयांमध्ये रहस्यकथेचे कपाट कायम हात लागलेले असे.

या वाचनातून तीन सवयी पक्क्या झाल्या. गुन्हेगार वाचकाने आधी ओळखायचा, हा खेळ. गुन्हेगार शेवटी सापडलाच पाहिजे, ही अट. आणि पुस्तक मिटण्याआधी सगळा हिशेब पुरा झाला पाहिजे, ही अपेक्षा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढे मालिकांचा काळ आला, तेव्हा प्रेक्षकाने या तिन्ही सवयी सोबत आणल्या. पंकज पराशर यांची 'करमचंद' १९८५ मध्ये आली, बासू चटर्जी यांची 'ब्योमकेश बक्षी' १९९३ मध्ये. दोन्ही आठवड्याला एकदा लागत आणि प्रकरण फारसे लांबत नसे. मराठीत बी. पी. सिंग यांनी 'एक शून्य शून्य' ही मालिका मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवरून केली. तिच्यातले शिवाजी साटम नंतर त्याच दिग्दर्शकाच्या 'सीआयडी'मध्ये एसीपी प्रद्युम्न झाले. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली ती मालिका वीस वर्षे चालली. तिथेही प्रकरण एका-दोन भागांत मिटत असे. मालिका लांब, पण गोष्ट आखूड, ही तिच्या टिकण्याची एक किल्ली होती.

उत्तरेकडची रीत

स्कँडिनेव्हियन गुन्हेकथेची आजची घडण पुस्तकांतूनच आली. माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश लेखक-जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. गुन्ह्याच्या निमित्ताने स्वीडनच्या कल्याणकारी राज्यव्यवस्थेतल्या भेगा दाखवणे, हा त्यांचा उघड हेतू होता. हेनिंग मांकेल यांनी इस्टाड या छोट्या गावातला कुर्ट वालांडर घडवला आणि त्यावर स्वीडिश व ब्रिटिश अशा दोन्ही मालिका निघाल्या.

२००७ मध्ये डॅनिश सरकारी वाहिनीने 'फोरब्रुदेल्सन' दाखवली. ती जगभर 'द किलिंग' या नावाने ओळखली जाते. एका तरुण मुलीचा खून, वीस भाग, आणि प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. तपास करणारी सारा लुंड, मुलीचे उद्ध्वस्त कुटुंब आणि महापौरपदाची निवडणूक अशा तीन बाजू शेजारीशेजारी चालतात. लेखक सोरेन स्वाइस्ट्रुप यांनी खुनी कोण हे नटांनाही सांगितले नव्हते. २०११ मध्ये आली 'द ब्रिज'. डेन्मार्क आणि स्वीडन जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावर, बरोबर सीमारेषेवर एक मृतदेह सापडतो. उचलताना कळते की वरचा अर्धा भाग एका बाईचा आणि खालचा दुसऱ्याच बाईचा. मग पहिला प्रश्न येतो तो हद्दीचा: तपास कोणी करायचा?

कोल्हापूर, निपाणी, बेळगाव पट्ट्यातल्या प्रेक्षकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. इचलकरंजीपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य पोलीस ठाण्याच्या पायरीवर ऐकलेली माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यावी, यासाठी आता झिरो एफआयआरची तरतूद कायद्यात आहे. 'द ब्रिज'ची कल्पना अमेरिका-मेक्सिको आणि ब्रिटन-फ्रान्स या सीमांवर नव्याने मांडली गेली, याचे कारण हद्दीचा वाद कुठेही चालतो हेच आहे.

संथपणा वेगळा, लांबण वेगळी

पहिला मुद्दा वेगाचा. 'द किलिंग'बद्दलची सर्वांत ठळक तक्रार ती संथ आहे ही, आणि सर्वांत ठळक स्तुतीही तीच. मुलीचे आईवडील ओळख पटवायला शवागारात जातात, परत येतात, घरात बसून राहतात. कॅमेरा तिथे थांबतो. काही प्रेक्षकांना हा वेळकाढूपणा वाटतो; इतरांना वाटते की खुनानंतर घरात काय होते, हे पहिल्यांदाच कोणी दाखवले.

मराठी दैनंदिन मालिकेतही वेळ जातो, पण वेगळ्या कारणाने. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतात. एक वाक्य उच्चारले गेले की खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा दिसतो, पार्श्वसंगीत तीनदा वाजते, जाहिरात येते आणि परत आल्यावर तेच वाक्य पुन्हा. कथा किती भागांत संपणार हे सुरुवातीला ठरलेले नसते. ते टीआरपीवर ठरते. रहस्यकथेला हे सर्वांत जास्त बाधते. कौटुंबिक गोष्टीत नवे पात्र आणून वर्ष काढता येते. रहस्यकथेत प्रत्येक नवे पात्र नवा संशयित होते आणि जुने धागे लटकत राहतात.

म्हणून मराठी प्रेक्षकाची तक्रार नीट ऐकली, तर ती संथपणाविरुद्ध नसून लांबणीविरुद्ध असते. याचा पुरावा मराठीतच आहे. झी युवा वाहिनीवर २०१७ मध्ये आलेली 'रुद्रम' ही मालिका ठरावीक भागांची होती. गिरीश जोशी यांचे लेखन, भीमराव मुडे यांचे दिग्दर्शन आणि मुक्ता बर्वे यांची भूमिका. सूडाची ती कथा वेळेवर संपली आणि प्रेक्षक आजही तिचे नाव घेतात ते वेळेवर संपलेली मालिका म्हणून.

ऐकण्याची मालिका आणि पाहण्याची मालिका

दुसरा मुद्दा धागेदोऱ्यांचा. ते प्रेक्षकाच्या नजरेस पडतात का, हे भाग कसा पाहिला गेला यावर अवलंबून असते आणि त्याबद्दलचे मतही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. इचलकरंजीचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. यंत्रमागाच्या गावात दिवस पाळ्यांत विभागलेला असतो. 'रात्रीस खेळ चाले' आणि 'देवमाणूस' या झी मराठीच्या मालिका रात्री साडेदहाला लागत. त्या वेळी रातपाळीचा कामगार मागापाशी असतो. शेडमध्ये खटखट इतकी की शेजारच्या मागावरच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागते. तिथे मोबाइलवर मालिका चालू केली, तरी संवाद कानावर पडत नाही. त्यामुळे भाग पाहायचा तो पाळी सुटल्यावर, मोबाइलवर, बहुतेक वेळा पुढे पळवत. चाळीस सेकंदांची शांतता असा प्रेक्षक पाहत नाही. अंगठ्याने ओलांडून जातो.

घरातला प्रेक्षक वेगळा. स्वयंपाकघरात भाकरी थापताना बाहेरच्या खोलीतली मालिका ऐकली जाते. मराठी दैनंदिन मालिकेचे संवाद अशा ऐकणाऱ्यासाठी लिहिलेले असतात. पात्र आत आले की त्याचे नाव घेतले जाते, घडलेली गोष्ट पुन्हा तोंडाने सांगितली जाते, संशय आला की पात्र तो मोठ्याने बोलून दाखवते. पडद्याकडे न पाहताही कथा कळते.

डॅनिश किंवा स्वीडिश मालिका अशी पाहता येत नाही. तिच्यासाठी मराठी उपशीर्षके सहसा नसतात; इंग्रजी वाचावी लागतात किंवा हिंदी आवाजावर भागवावे लागते. उपशीर्षके वाचायची तर नजर पडद्यावरून हलवता येत नाही, आणि नजर हलली नाही की मागच्या भिंतीवरचा फोटो, टेबलावरची किल्ली, पात्राने लपवलेला हात हे सगळे दिसते. ब्रिटनमध्ये बीबीसी फोरने २०११ च्या सुरुवातीला 'द किलिंग' उपशीर्षकांसह दाखवली, तेव्हा परभाषेतली मालिका कोण पाहणार ही शंका होती. प्रेक्षकांनी ती उचलून धरली. उपशीर्षकांमुळे लक्ष देऊन पाहावे लागते, हेही तिच्या बाजूचे एक कारण मानले गेले. हिंदी आवाजात तीच मालिका ऐकली, तर तिच्यातली अर्धी शांतता 'रिकामी जागा' वाटते. एकाच भागाबद्दल दोन टोकांची मते येतात, तेव्हा दोघांनी तो एकाच रीतीने पाहिला होता का, हे आधी विचारावे.

तपास करणारी व्यक्ती

तिसरा मुद्दा तपास करणाऱ्या नायकाचा. सारा लुंड बोलत नाही, घराकडे लक्ष देत नाही, रोज तेच लोकरीचे स्वेटर घालते. फॅरो बेटांवरच्या विणीचे ते स्वेटर मालिकेइतकेच गाजले. 'द ब्रिज'मधली सागा नोरेन समोरच्याच्या भावना ओळखू शकत नाही, खोटे बोलू शकत नाही, आणि नियम मोडला म्हणून सहकाऱ्याचीही तक्रार करते. तिला स्वमग्नता आहे, असा अर्थ अनेक प्रेक्षकांनी लावला. मालिकेने मात्र तसे नाव कधी दिले नाही. काहींना हे अर्धवट सोडणे खटकले, तर काहींना तेच योग्य वाटले.

मराठीत स्त्री तपासकर्ती आली ती झी मराठीच्या 'अस्मिता'मधून. मयूरी वाघ यांनी साकारलेली ही खासगी गुप्तहेर घर सांभाळत प्रकरणे सोडवते. तिच्याबद्दलची पसंती 'आपल्यातली' या शब्दात मावते. घर आणि काम या दोन्हींत ती यशस्वी असते. लुंड दोन्हींत हरत जाते. पुरुष नायकाबाबतही तेच दिसते. एसीपी प्रद्युम्न यांचे घर मालिकेत जवळजवळ नसतेच. त्यांच्या बोटांची हालचाल आणि 'दया, दरवाजा तोड दो' हे वाक्य हीच त्यांची ओळख. प्रेक्षक त्यावर विनोद करतात, पण त्या विनोदात जिव्हाळा असतो. एप्रिल २०२५ मध्ये, मालिका पुन्हा सुरू झाल्यानंतर, एका भागात स्फोटात प्रद्युम्न मरण पावल्याचे दाखवले, तेव्हा हा जिव्हाळा रागाच्या रूपात बाहेर आला. विनोदाचा विषय झालेले पात्र घरातले माणूस झाले होते, हे त्या दिवशी कळले. पुढे साटम परत आले. 'द ब्रिज'च्या तिसऱ्या पर्वात सागाचा सहकारी मार्टिन रोडे याची भूमिका करणारे किम बोडनिया नव्हते, तेव्हाही प्रेक्षकांत अशीच चलबिचल होती. तिथे मात्र कथेने जुने पात्र परत आणले नाही, त्याच्या नसण्याची किंमत सागाला मोजायला लावली.

तपास खरा वाटतो का

चौथा मुद्दा पोलिसी कामाचा. 'सीआयडी'त न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉक्टर साळुंखे नमुना पाहतात आणि काही मिनिटांत निष्कर्ष सांगतात. जिल्हा पातळीवरचे वृत्तपत्र रोज वाचणाऱ्याला 'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे' हे वाक्य पाठ असते आणि त्यानंतर अहवालाला किती काळ लागतो, हेही ठाऊक असते. पंचनामा, पंचांच्या सह्या, जबाब, स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, पोलीस कोठडीची मुदत हे शब्द कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकाच्या रोजच्या बातम्यांतले आहेत. मालिकेतला अधिकारी एकटा घटनास्थळी शिरून हातमोज्याशिवाय वस्तू उचलतो, तेव्हा हा प्रेक्षक हसतो.

तरीही 'सीआयडी'ला ही चूक भोवली नाही, कारण तिने खरेपणाचा दावाच केला नव्हता. तिचे सामर्थ्य कसबात होते. ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला 'द इनहेरिटन्स' हा १११ मिनिटांचा भाग एका सलग चित्रणात, मध्ये न कापता केलेला होता. कॅमेरा थांबत नाही म्हटल्यावर चूक करायला कोणालाच वाव नव्हता. प्रेक्षक त्या भागाची आठवण काढतात ती गुन्हेगार कोण होता म्हणून नव्हे, हे साधले कसे म्हणून. स्कँडिनेव्हियन मालिका उलट खरेपणाचा दावा करतात, म्हणून त्यांच्यावरची टीकाही त्याच मापाने होते. लुंड बॅकअप न बोलावता अंधाऱ्या तळघरात शिरते, ही तिच्या चाहत्यांचीही कायमची कुरकुर आहे.

खऱ्या गुन्ह्यावरची गोष्ट

मराठीत उत्तरेकडच्या रीतीच्या सर्वांत जवळ गेलेली मालिका 'मानवत मर्डर्स'. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ही आठ भागांची मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया आणि लहान मुलींचे लागोपाठ खून झाले. मुंबईहून तपासाला गेलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर मालिका आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर.

तिच्याबद्दल दोन तट पडले. एका बाजूला काळ, गाव, बोली आणि अंधश्रद्धेची घुसमट यांचे चित्रण मोलाचे वाटले. दुसऱ्या बाजूला प्रश्न असा की शेवट माहीत असताना उत्सुकता कशी टिकवायची. या प्रश्नाचे उत्तर खुद्द प्रकरणात होते. कोर्टात ते माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांवर उभे राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अशा साक्षीवर किती विसंबावे, याची कठोर छाननी केली. काही आरोपी सुटलेही. खून कोणी केला यापेक्षा ते सिद्ध कसे करायचे, हा इथला खरा ताण आहे.

खऱ्या गुन्ह्यावरच्या गोष्टीत जवळच्या प्रदेशातला प्रेक्षक जास्त कडक असतो. कोल्हापुरातल्या गावित बहिणींचे बालहत्या प्रकरण १९९६ मध्ये उघडकीस आले, कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. त्यावरचा 'पोशम पा' हा हिंदी चित्रपट २०१९ मध्ये आला. जिल्ह्यातल्या ज्या पिढीने तो खटला वृत्तपत्रांतून वाचला, तिच्यासाठी हा चित्रपट थरारपट असू शकत नव्हता. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले'वर कोकणातून आक्षेप आले, ते मालिका रहस्यमय होती म्हणून नव्हे. गावाचे आणि तिथल्या समजुतींचे चित्र चुकीचे जाते, म्हणून.

उलगडा

पाचवा मुद्दा शेवटाचा, आणि सर्वांत मोठा राग त्यावरच निघतो. 'द किलिंग'ची अमेरिकन आवृत्ती वीणा सूद यांनी केली. रोझी लार्सनला कोणी मारले, या प्रश्नावर तिची सगळी जाहिरात होती. जून २०११ मध्ये पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग लागला आणि खुनी सांगितलाच नाही. तेरा भाग सोबत आलेल्या प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटले आणि उत्तरासाठी आणखी एक वर्ष थांबावे लागले. मूळ डॅनिश मालिकेने वीस भागांत उत्तर दिले होते; तिथे तक्रार आली ती तिसऱ्या पर्वाच्या शेवटाबद्दल, लुंडने कायदा हातात घेतल्याबद्दल. त्या तक्रारीत नैतिक प्रश्न होता, फसवणुकीचा आरोप नव्हता. हीच मूळ कथा २०२५ मध्ये कोंकणा सेन शर्मा यांच्या 'सर्च: द नैना मर्डर केस'मधून हिंदीत आली.

'देवमाणूस'ची बाब निराळी. वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून सुचलेल्या या मालिकेत खुनी पहिल्यापासून माहीत होता. कातळवाडीतला गोडबोल्या डॉक्टर कधी पकडला जातो, एवढाच प्रश्न. किरण गायकवाड यांच्या कामाची वाखाणणी झाली. १५ ऑगस्ट २०२१ च्या शेवटच्या भागाने मात्र वाट मोकळी ठेवली आणि डिसेंबरात दुसरे पर्व सुरू झाले. प्रेक्षकाला हवी होती बेडी. मिळाले पुढच्या पर्वाचे आमंत्रण.

एकूण पाहता मते तीन गोष्टींवर ठरतात. मालिकेने सुरुवातीला काय कबूल केले, ते किती भागांत पुरे करायचे ठरवले, आणि शेवटी ते पुरे केले का. स्कँडिनेव्हियन मालिका प्रेक्षकाला जड जातात, पण बहुधा शब्द पाळतात. मराठीतही जिथे भागांची संख्या आधी ठरली, तिथे प्रेक्षकाने संथ चालही स्वीकारली; जिथे ती टीआरपीवर सोडली, तिथे चांगला नट आणि चांगली कल्पना असूनही शेवटाला बोल लागला. मराठी रहस्यमालिकेला आज नव्या कल्पनेपेक्षा ठरलेल्या शेवटाची गरज जास्त आहे. वाहिन्यांनी पहिल्या भागाआधी भागांचा आकडा जाहीर करावा आणि तो पाळावा.